गुरुवारी पाणी बंद

सुरुवात कुठल्या ध्यासाने वगैरे झाली नाही.
जिन्याखाली, मीटरच्या पेट्यांशेजारी
सोसायटीचा फळा. त्यावर मी लिहिलं,
"गुरुवारी पाणी बंद. बादल्या भरून ठेवाव्यात."
आणि खाली बरीच जागा उरली.

रिकामी जागा मला बघवत नाही.
एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली,
पलीकडे कोणी बोलेनासं झालं की कान दुखायचा.
म्हणून त्या सकाळी तळजाईवर दिसलेल्या
लांडोरीबद्दल चार ओळी लिहिल्या,
हात झटकले, वर गेले, कुकर लावला.

त्याला आता बावीस वर्षं झाली.
दर बुधवारी, दिवे लागायच्या आत.

काय काय लिहिलं, विचारू नका.
ओल्या फडक्याने पुसलेलं कुठे साठतं?
फडकं पिळायचं, पांढरं पाणी तगरीच्या मुळाशी.
तगर तेवढी तरारली आहे.
आठवतं ते तुटक तुटक:
लक्ष्मी रोडवर विसरलेली छत्री, जी परत मिळाली
आणि माझी नव्हती.
मंडईतली बाई मटार सोलता सोलता
सुनेचा हिशेब मांडत होती, तो.
एका वर्षी सलग सात बुधवार
नुसतं गुडघ्याबद्दल. (सेक्रेटरींनी पत्र दिलं.)
हे गेले त्या आठवड्यात एवढंच,
"या गुरुवारी पाणी येणार आहे."
खरंच येणार होतं.

वाचतं कोण हे?
पहिल्या मजल्यावरचा मुलगा,
गाडीची किल्ली खिशात सापडेपर्यंत.
दूधवाला सोमनाथ. मंगळवारी म्हणतो,
"ताई, फळा नासला."

आणि एक जण. किंवा एक जणी.
मी "टाकीची दुरूस्ती" लिहिलं,
सकाळी बघते तर रू चा रु झालेला,
बोटाने पुसून, बारीक खडूने,
माझ्या अक्षरापेक्षा ताठ.
दुरुस्तीचीच दुरुस्ती! असा संताप आला
की चहा उतू गेला.
मग "कुतुहल"चं कुतूहल झालं,
एकदा तर अख्खा अनुस्वार खोडला,
आणि मी, कबूल करते,
गुरुवारी पाणी नसतानाही लवकर उठू लागले.

चौदा वर्षं.
जिन्यात दबा धरून मी कधी बसले नाही.
एक्स्चेंजमध्ये पहिल्या दिवशी शिकवलं होतं,
लाइन जोडून द्यायची,
ऐकत बसायचं नाही.

गेल्या चैत्रात "स्फुर्ती" लिहिली.
गुरुवार गेला, शनिवार गेला,
ती आपली तशीच, लंगडत.
पुढच्या खेपेला मुद्दाम तीन चुका केल्या.
तिन्ही शाबूत.

त्या महिन्यात सी विंगमधले इनामदार
मुलीकडे बाणेरला राहायला गेले.
आठल्येबाई वारल्या.
घैसास नावाचा भाडेकरू, ज्याच्याशी
मी कधी बोललेही नव्हते, खोली सोडून गेला.
कोणाला विचारू?
आणि विचारणार तरी काय,
तुमच्याकडे बारीक खडू असायचा का?

आता शब्दकोश घेतलाय. भिंग लावून बघते.
सगळं बरोबर लिहिता येतं हो,
या वयातही येतं.
तरी एखादं अक्षर तसंच सोडते,
दार नुसतं लोटून ठेवावं, कडी न लावता,
तसं.

इमारत पाडायच्या कागदांवर
सह्या झाल्यात म्हणे सगळ्यांच्या.
नव्या इमारतीत म्हणे फळा नसेल,
मोबाइलवर कळेल पाण्याचं.
बघू.
आज बुधवार. खडूचा तुकडा उरलाय नखाएवढा,
पण एका आठवड्याला पुरेल.

उद्या गुरूवार. पाणी बंद.
बादल्या भरून ठेवाव्यात.